पाऱ्याचा फुगवटा

नळीतला पारा जिथे काचेला टेकतो तिथे तो किंचित खाली वाकलेला असतो आणि मधे वर आलेला, एखाद्या छोट्या टेकडीसारखा. पाण्याचं उलट. पाणी काचेला चिकटून कडेने वर चढतं आणि मधे खळगा पडतो. म्हणून पाणी वाचताना खळग्याचा तळ बघायचा आणि पारा वाचताना फुगवट्याचा माथा. फरक केसाएवढा असतो. पण ज्याचं आयुष्य पाण्याच्या नळ्यांत गेलं त्याचा डोळा आपोआप खाली जातो, आणि ज्याचं वेधशाळेत गेलं त्याचा वर.

त्या सकाळी भाऊजींचा डोळा खाली गेला.

कप्तान त्यांच्या खांद्यामागे उभा होता. हातमोजे काढून एका हातात धरलेले, दुसरा हात पाठीशी. रोज तो यायचा तेव्हा वायुभारमापक मी वाचायची आणि तो ऐकायचा. आज दारातून आत येताच त्याने मला हातानेच थांबवलं.

"आज तुमचे भाऊजी वाचतील," तो म्हणाला. "तुम्ही बसा, बाई. रोज तुम्हीच का म्हणून?"

मी बसले नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

भाऊजींनी काचेवर नखाने हलकी टिचकी मारली. हे बरोबर होतं. पारा काचेला धरून राहिला असेल तर टिचकीने सुटतो, आमच्याकडे त्याशिवाय कुणी आकडा वाचत नाही. मग त्यांनी पितळी सरकपट्टी हळूहळू खाली आणली. माथ्याशी ती थांबायला हवी होती. मी मनातल्या मनात म्हणाले, थांबा. पट्टी थांबली नाही. केसभर आणखी खाली, पारा काचेला टेकतो त्या रेषेपर्यंत गेली, आणि भाऊजींनी आकडा सांगितला. शांत आवाजात, स्पष्ट, आणि चुकीचा.

"धन्यवाद," कप्तान म्हणाला. त्याने चष्मा कपाळावर ढकलला, पुढे वाकला आणि स्वतः पाहिलं. पट्टीला हात लावला नाही. मग सरळ होऊन चष्मा जागेवर आणला आणि माझ्याकडे वळला.

"तुमचे भाऊजी पारा पाण्यासारखा वाचतात."

ते माझे भाऊजी नव्हते. मामंजींच्या बहिणीचा मुलगा म्हणून ते आमच्याकडे राहत होते, पण मामंजींची बहीण लग्न न करताच वारली होती. "एवढा मोठा मुलगा झालेला पाहून तिला फार आनंद झाला असता," असं मामंजी पहिल्याच दिवशी म्हणाले होते. भाऊजी समुद्राकडून आले, कड्याच्या पायवाटेने, कमरेपर्यंत भिजलेले. युद्धापूर्वी ते औषधाच्या दुकानात काढे आणि मिश्रणं बनवायचे. खाली बंदरात शत्रूच्या तेलाच्या टाक्या होत्या, त्या टाक्यांसाठी भाऊजींना आपल्या लोकांनी पाठवलं होतं. एखाद्या धुक्याच्या पहाटे आपल्या होड्या बंदरात आणायच्या, टाक्या उडवायच्या आणि परत जायचं. धुकं कधी येणार हे ज्या घरात कळतं त्या घरात त्यांनी राहावं, एवढी साधी योजना होती.

बंदर शत्रूने घेतलं तेव्हा वेधशाळा तशीच ठेवली. त्यांच्या जहाजांनाही हवामान लागतंच. मामंजींची नजर जवळजवळ गेली होती, म्हणून नोंदी मी घ्यायची आणि अंदाजही मी सांगायची. संध्याकाळी तो ऐकून कप्तान खाली हुकूम द्यायचा. उद्या धुकं असेल तर बंदराच्या तोंडाशी लोखंडी साखळी ओढली जायची आणि धक्क्यावर तोफांशी पहारा बसायचा. धुकं नसेल तर साखळी उघडी राहायची, कारण पहाटे त्यांची स्वतःची जहाजं बाहेर पडायची आणि स्वच्छ हवेत टेहळणीचे दिवे पुरत. म्हणजे धुक्याशिवाय होड्या येऊ शकत नव्हत्या, आणि धुक्याचा अंदाज मी सांगितला तर होड्या साखळीवर येऊन अडकणार होत्या, तोफांच्या तोंडाशी.

भाऊजींना माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. धुकं येणार असेल त्या संध्याकाळी मी कप्तानाला, येणार नाही, असं सांगायचं. आल्यापासून ते विचारत होते. आल्यापासून मी म्हणत होते, बघू.

आता कप्तान उत्तराची वाट बघत होता. तो ओरडणाऱ्यांतला नव्हता. युद्धापूर्वी तो शाळेत विज्ञान शिकवायचा. आमची भाषा तो पुस्तकातून शिकला होता आणि प्रत्येक शब्द धुऊन वाळवल्यासारखा उच्चारायचा. मला त्याची भीती त्यामुळेच वाटायची. बंदुकीच्या दस्त्याने दार ठोठावणाऱ्या माणसाला पारा कसा फुगतो हे माहीत नसतं.

"डेअरीत होते ते," मी म्हणाले. "दूध तपासायचे. हात अजून दुधाचाच आहे."

"डेअरीत." त्याने तो शब्द पुन्हा म्हणून पाहिला. "त्यांच्या कागदांवर लिहिलंय की ते आतल्या जिल्ह्यात हवामान केंद्रावर होते. तरुणपणापासून."

"डेअरीत त्याच्या आधी," मामंजी कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाले. "पोरगा कुठेच टिकत नाही, कप्तान. त्याच्या आईचं तेच रडगाणं होतं."

"माझ्या वर्गातही असे एक-दोन असायचे," कप्तान म्हणाला. त्याची नजर भाऊजींच्या कोटाच्या बाहीवर गेली. तो कोट माझ्या नवऱ्याचा होता. बाही आखूड पडत होती म्हणून मी ती उसवून खाली सोडली होती आणि जुन्या दुमडीची रेघ मनगटाजवळ अजून दिसत होती. कितीही इस्त्री केली तरी ती रेघ गेली नाही. कप्तानाने रेघ पाहिली, आणि पाहिल्याचं मला कळू दिलं.

"मी आज सकाळी त्या केंद्राला तार केली आहे," दारात पोचल्यावर तो म्हणाला. "नुसती चौकशी. उद्या दुपारपर्यंत उत्तर यावं. संध्याकाळी अंदाजासाठी येतो, बाई."

फाटकावरचा शिपाई दोनदा शिंकला. त्याला आम्ही शिंक्या म्हणायचो. फाटकाजवळच्या गवताचं त्याला वावडं होतं आणि बिचारा कुठे उभा आहे हे आम्हाला नेहमी कानांनी कळायचं. आज त्याच्या शिंकेनंतर दुसऱ्या कुणाचं तरी हसणं ऐकू आलं. कप्तान जाताना आणखी एक शिपाई ठेवून गेला होता.

मी दार लावलं. कडी घातली.

"चुकलं, वहिनी," भाऊजी म्हणाले.

"चुकलं? माथा, माथा म्हणून मी तुमच्याकडून घोकून घेतलं. झोपेतून उठवलं असतं तरी माथाच सांगितला असता तुम्ही."

"झोपेत त्याचा श्वास मानेवर येत नसतो." ते खुर्चीत बसले आणि आपल्याच उजव्या हाताकडे बघत राहिले, जणू तो कुणी उसना दिला होता. "हात दुकानात गेला. मला कळलंसुद्धा नाही."

"बैल सुटला की गोठ्याकडेच जाणार," मामंजी म्हणाले. मग थोड्या वेळाने, "त्या केंद्रावरून काय उत्तर येईल?"

"की या नावाचा माणूस इथे कधी नव्हता," मी म्हणाले.

भाऊजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. 

"म्हणजे उद्या सकाळ," भाऊजी म्हणाले. "उद्या सकाळ, नाहीतर नाहीच. वहिनी, धुकं येईल?"

"आत्ता नाही सांगता येणार. खारा वारा केव्हा पडतो ते बघायला हवं."

आमच्याकडे या ऋतूत दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो आणि रात्री उलट, डोंगराकडून. तो डोंगरवारा पहाटेपर्यंत चालू राहिला तर बंदर झाडून काढल्यासारखं स्वच्छ होतं. न चालला तर खाडीवरची ओल तिथेच साचते आणि उजाडताना धुकं. डोंगरवारा चालणार की नाही हे कुठल्याही यंत्रावर दिसत नाही. मामंजींनी आयुष्यभर बघून एक गोष्ट ओळखली होती: खारा वारा लवकर झोपला, तर त्या रात्री डोंगरवारा उठत नाही. हे कुठे छापलेलं नव्हतं. त्यांनी मला शिकवलं होतं आणि मी भाऊजींना.

"आणि येणार असेल तर?" भाऊजींनी विचारलं. "कप्तानाला काय सांगाल?"

"बघू," मी म्हणाले.

"वहिनी, आता बघू नाही."

"तिला कशाला छळतोस?" मामंजींचा आवाज चढला. "मी सांगतो. खोटा भाचा मी पत्करला. त्याला माझी ना नाही. खोटा अंदाज या छपराखालून जाणार नाही. माणसं समुद्रात जातात ती आमच्या छपरावरच्या हवामानाच्या झेंड्याकडे बघून. झेंडा एकदा खोटं बोलला की संपलं. मग तो नुसता फडका."

"मामा, त्या टाक्यांतलं तेल भरून त्यांची जहाजं आपल्याच गावांवर जातात. तुमचा मुलगा ज्या जहाजावर—"

"त्याला यात आणू नकोस."

 भाऊजी बाहीची ती रेघ अंगठ्याने पुसू लागले. त्यांना माहीत होतं तो कोट कुणाचा आहे.

मी चहा केला. कुणी प्यायलं नाही. मी कप परत विसळले, अंगणातल्या जाळीच्या कपाटातल्या दोन तापमापकांपैकी जो ओला ठेवायचा असतो त्याची मलमलीची पट्टी बदलली, पाणी भरलं. हात चालू ठेवले की भीती हातांत उतरते आणि थोडी कमी होते. थांबले की ती पोटात जाते. नवऱ्याच्या जहाजाची बातमी आली त्या आठवड्यात मी हे शिकले होते.

खोटं बोलण्याची मला भीती वाटत होती का? त्या दुपारी मी स्वतःला नीट विचारून पाहिलं. नाही, खोट्याची नव्हे. सकाळी मी डेअरी रचली तेव्हा जीभ अडखळली नव्हती. भीती उद्याची होती. धुकं नाही असं मी सांगायचं, धुकं येणार, टाक्या उडणार, आणि मग कप्तान त्याच शांत पावलांनी वर येणार. चूक झाली असं म्हणता आलं असतं, अंदाज चुकतातच. पण माझा धुक्याचा अंदाज तो आल्यापासून एकदाही चुकला नव्हता, आणि सकाळची दुधाची गोष्ट आणि दुपारची तार त्याच्या हातात असणार होती. तो मला मारणार नाही. खुर्ची देईल आणि म्हणेल, बसा, बाई. आणि मामंजींनाही बसवेल.

दुपार अर्धीअधिक उरली होती तेव्हा छपरावरचा आवाज बदलला. वारा मोजायच्या चार वाट्या छपरावर गोल फिरत असतात आणि त्यांची घरघर खालपर्यंत येते. ती मंदावली. मी मान वर करून ऐकत राहिले. परत जोर धरेल असं वाटलं. धरला नाही. वाट्या रेंगाळल्या, तुटक घरघरल्या आणि थांबल्या.

एवढ्या लवकर खारा वारा पडलेला त्या ऋतूत मी पाहिला नव्हता.

मी जाळीच्या कपाटाकडे गेले. ओला आणि कोरडा, दोन्ही तापमापकांतले आकडे एकमेकांना चिकटायला आले होते, म्हणजे हवा ओलीने भरत आली होती. आकाशात ढगाचा कपटा नव्हता. एखाद्या विद्यार्थ्याला समजावं म्हणून मांडून ठेवल्यासारखं सगळं समोर होतं. उद्या सकाळी बंदरात हातभर अंतरावरचा माणूस दिसणार नव्हता.

मागच्या बाजूला शिंक ऐकू आली. फाटकाकडून नव्हे, वाळवणाच्या दोरीकडून.

मी धावलेच. भाऊजी दोरीपाशी उभे होते आणि माझी धुतलेली चादर पसरत होते. चादर उभी घातली तर समुद्रात कुठेतरी दुर्बीण लावून बसलेल्या माणसासाठी अर्थ होता, अजून नाही. आडवी घातली तर, उद्या या. रोज ती मीच घालायची, उभी. भाऊजींनी ती आडवी ओढली आणि दोन्ही टोकांना चिमटे लावले. दहा पावलांवर शिंक्या नाक पुसत उभा होता.

"बाईची कामं करतोय बघा भाऊ," तो दुसऱ्या शिपायाला म्हणाला. आमच्या भाषेत, मुद्दाम, आम्हाला ऐकू जावं म्हणून.

"काय करणार, वहिनींचा हुकूम," भाऊजी हसून म्हणाले. "तुमच्याकडे वहिनी नाहीत वाटतं? सुखी आहात."

शिंक्या हसला, पुन्हा शिंकला आणि फाटकाकडे निघून गेला. भाऊजींचं हसू त्याची पाठ वळेपर्यंत टिकलं.

"मी अजून हो म्हटलेलं नाही," मी हलक्या आवाजात म्हणाले.

"माहीत आहे. वाट्या थांबलेल्या ऐकल्या मी. तुम्ही शिकवलंत, तेवढं तरी नीट शिकलो."

"मग ही चादर?"

"उद्या तार येईल. परवा मी नसेन, आणि तुमच्या दारात कोण असेल सांगता येत नाही. यापुढे दुसरी पहाट मिळणार नाही." त्यांनी चादरीची सुरकुती सारखी केली. "ती माणसं आता येणारच. साखळी उघडी असेल तर आत येतील, ओढलेली असेल तर साखळीवर. तुम्ही कप्तानाला खरं सांगितलंत तरी मी दोष देणार नाही, वहिनी. मी अंधार पडला की खाली जाईन, त्यांना टाक्यांची वाट दाखवायला. परतीच्या होडीत जागा असेल. तुम्ही चला."

"आणि मामंजी?"

त्यांनी कड्याच्या पायवाटेकडे पाहिलं. तिथून शेळीसुद्धा जपून उतरते. मामंजींना अंगणातली पायरी उतरायला माझा खांदा लागायचा. 

मी आत आले तेव्हा मामंजी खुर्चीत नव्हते. ते खिडकीशी उभे होते, चौकट धरून, तोंड समुद्राकडे. त्यांना प्रकाश आणि सावली एवढंच कळायचं.

"वाट्या थांबल्या," ते म्हणाले.

"हो."

"केव्हा?"

"थोड्या वेळापूर्वी. ओला-कोरडा चिकटायला आलेत."

"मग आहेच." त्यांनी मान हलवली. "खाली काय दिसतं?"

"धक्का. त्यांची दोन जहाजं. टाक्या."

"आपल्या होड्या?"

"आपल्या सगळ्या वाळूवर आहेत, मामंजी. उलट्या. साखळदंड घालून ठेवल्यात." हे त्यांना माहीत होतं. कोळ्यांना समुद्रबंदी झाल्याला कित्येक महिने झाले होते, आमचा झेंडा बघायला त्यांच्यापैकी कुणी मान वर करत नव्हतं.

"एकही बाहेर नाही?"

"एकही नाही."

ते बराच वेळ चौकटीच्या लाकडावर नखाने टिचक्या मारत राहिले. पारा वाचण्याआधी मारायचे तशा.

"उद्या पहाटे समुद्रात आपलं कोण असेल?"

  "ते होडीवाले. भाऊजींचे."

"ते कशाकडे बघून निघतील?"

"आपल्या चादरीकडे."

"चादर काय सांगतेय?"

"उद्या धुकं म्हणून."

"खरं सांगतेय?"

"हो, मामंजी."

"मग वेधशाळेचा अंदाज देऊन झाला," ते म्हणाले. "ज्यांना द्यायचा त्यांना, आणि खरा. आता त्या मास्तराला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. फक्त माझे गुडघे त्या हिशेबात धरू नकोस. ते कधीचेच गेलेत."

मी त्यांना खुर्चीत आणून बसवलं. त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. त्यांची बोटं गार होती आणि माझी त्याहून गार. दोघंही घाबरलेलो होतो आणि एकमेकांची भीती हाताने मोजत होतो.

उन्हं कलली तेव्हा कप्तान आला. बरोबर कुणी नव्हतं. त्याने आधी जाळीच्या कपाटाशी जाऊन दोन्ही तापमापक स्वतः वाचले. मग अंगणाच्या मध्यभागी उभं राहून आकाश पाहिलं, छपरावरच्या थांबलेल्या वाट्या पाहिल्या. वळताना त्याची नजर वाळवणाच्या दोरीवर थांबली. थांबली की नुसती तिथून गेली, मला कळलं नाही. 

आत येऊन तो टेबलाच्या कडेला टेकला. भाऊजी वायुभारमापकाशेजारी उभे होते, हात मागे, बाहीची रेघ झाकलेली.

"आज काही वाचायचं नाही," कप्तान त्यांना म्हणाला. "सकाळचं पुरे." मग माझ्याकडे. "हवेत ओल भरपूर. आकाश मोकळं. वारा पडलेला. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने यावरून धुकं लिहिलं असतं तर मी पूर्ण गुण दिले असते."

"हो," मी म्हणाले.

"पण पुस्तकात तुमचा डोंगरवारा नसतो. मागे एकदा अशाच संध्याकाळी मी धुकं म्हटलं होतं. तुम्ही नाही म्हणालात, आणि सकाळी मला बंदरातला प्रत्येक दोर दिसत होता. मला ते आवडलं नव्हतं." तो किंचित हसला. "पण मी ते विसरलो नाही."

त्याने टेलिफोन पुढे ओढला, हँडल फिरवलं, आपल्या भाषेत दोन शब्द बोलला. मग बोलण्याचं तोंड तळहाताने झाकून धरलं. खाली, धक्क्यावर, साखळीच्या चाकाशी कुणीतरी कानाला फोन लावून उभं होतं.

"वडीलधाऱ्यांना आधी विचारावं," तो म्हणाला. "आजोबा, तुमचं काय म्हणणं?"

मामंजींनी आवाजाच्या दिशेने चेहरा वळवला.

"अंदाज डोळ्यांनी करतात, कप्तान. माझे गेले. आता सूनबाई सांगते आणि मी ऐकतो."

"बाई?"

खिडकीतून चादर दिसत होती. तिचं टोकसुद्धा हलत नव्हतं. हलणारं काहीच नव्हतं. गवताचं पातं नाही, वाटी नाही. त्या आडव्या चादरीकडे मान वळवून नीट पाहिलं असतं तर कप्तानाला सगळं कळलं असतं. तो माझ्याकडे बघत होता. भाऊजी जमिनीकडे बघत होते. मामंजींचं नख खुर्चीच्या हातावर एकदा वाजलं आणि थांबलं.

  आज मी वाचलेला प्रत्येक आकडा खरा होता, आणि तो आकडा त्यानेही पाहिला होता. यंत्रं जिथपर्यंत बोलतात तिथपर्यंत मी काही बदललं नव्हतं. त्यापुढे फक्त माझा शब्द होता, आणि तो शब्द विचारायला हा माणूस फोन झाकून थांबला होता. उद्या तो खुर्ची पुढे करील. उद्याचं उद्या. आत्ता या क्षणी अंधाराची वाट बघत कुठल्यातरी होडीत आपली माणसं वल्ही तपासत बसली असतील, आणि आम्ही सांगितलं म्हणून ती निघणार होती.

"बाई, साखळी ओढू का?" कप्तानाने विचारलं.

मी त्याच्या चष्म्याकडे पाहिलं, रोज अंदाज सांगताना पाहायची तसंच.

"उद्या धुकं नाही," मी म्हणाले. "डोंगरवारा सुटेल. सकाळ स्वच्छ."